पराग इथे राहत नाही

निशिगंधाने दाराबाहेरच्या रॅकमधून परागचे बूट, चपला आणि पावसाळी सँडल, तिन्ही जोड उचलून पिशवीत कोंबले. मग ती बाथरूममध्ये गेली आणि त्याचा रेझर आणि टॉवेल घेऊन आली. पराग दोरीवरचे स्वतःचे शर्ट काढत होता. स्वतःच्याच घरातून स्वतःला आवरायचं काम, आणि तेही बायकोच्या देखरेखीखाली.

लग्नाच्या फोटोपाशी दोघं अडली. पराग म्हणाला, असू दे, भिंतीवरचा फोटो कोण काढतं?

"मी काढला असता," निशिगंधा म्हणाली आणि स्टुलावर चढली.

तलाठी तीन वाजता येणार होते. निशिगंधाला नवऱ्याने टाकलंय, याची खात्री करायला.

हे दुखणं परागनेच ओढवून घेतलेलं होतं. चार वर्षांपूर्वी नवघर रोडवरचा हा वन बीएचके घेताना बँक पुरेसं कर्ज देईना. तेव्हा एका एजंटने वाट दाखवली: पगाराशिवाय कन्सल्टिंगची कमाई दाखवा, रिटर्न जाड करा, थोडा टॅक्स भरा, कर्ज पास. सगळेच करतात. पराग सहीनिशी वर्षाला साडेअकरा लाख कमावणारा माणूस झाला. भावांना घर दाखवताना छाती काय फुगली होती त्याची! पुढे दीड वर्षापूर्वी नोकरी गेली आणि तो बाईकवरून पार्सलं पोचवू लागला. पण हप्ता चालू होता, कर्ज फिटेपर्यंत बँकेला संशय नको, म्हणून एजंटच्या सल्ल्याने यंदाही त्याने तोच आकडा भरला. श्रीमंती काही केल्या कागदावरून उतरेना.

आणि आता त्यांच्या मुलीला, अनुष्काला, इंजिनिअरिंगची सीट लागली होती. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मुलींना फी माफ. उत्पन्नाचा दाखला शुक्रवारपर्यंत हवा, नाहीतर पावणेदोन लाख भरा किंवा सीट सोडा. निशिगंधाला मेडिकलच्या काउंटरवर महिना अकरा हजार मिळत. त्या एजंटनेच पुन्हा डोकं चालवलं: बाईला नवऱ्याने टाकलंय असं दाखवा, मग फक्त तिचंच उत्पन्न धरतील. मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला सकाळीच डोंगरीला मावशीकडे धाडलं होतं.

पंच म्हणून समोरच्या आनंदीकाकू सही करणार होत्या. त्या आदल्या रात्री झोपल्या नव्हत्या. खोटी सही आयुष्यात केली नाही म्हणाल्या, आणि मग लगेच, पोरीसाठी करते. परागला लपायला त्यांनी आपलं घर दिलं. खाली वॉचमनलाही पढवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "साहब, मैं बोल दूँगा आप रहते ही नहीं।" आणि हसला. परागलाही हसावं लागलं.

काकूंच्या घराचं दार परागच्या दाराच्या अगदी समोर. पॅसेज जेमतेम चार फुटांचा. पावणेतीनला काकू निशिगंधाजवळ जाऊन बसल्या आणि तो पिशवी घेऊन त्यांच्या हॉलमध्ये बंद दारामागे जाऊन उभा राहिला. खुर्ची होती, पण बसवेना.

तलाठी आले ते जिने चढून दमलेले. पाणी मागितलं. निशिगंधाने दार उघडंच ठेवलं होतं, त्यामुळे सगळं नीट ऐकू येत होतं. नाव, वय, नोकरी. नवरा कधी गेला? वर्ष झालं. पत्ता? माहीत नाही. पैसे पाठवतात? नाही. रात्री जेवणाच्या ताटावर दोघांनी घोकलं होतं, जसंच्या तसं ती बोलत होती. परागला वाटलं, झालं, निभावलं.

मग तलाठी म्हणाले, "मारहाण करायचे का?"

हा प्रश्न घोकलेला नव्हता. हो म्हटलं असतं तर काम पक्कं होतं. परागने दारामागे मनातल्या मनात तिला सांगितलं, हो म्हण.

"नाही," निशिगंधा म्हणाली. "हात कधी नाही उचलला."

"मग? दारू? दुसरी बाई?"

"तसलं काही नाही, साहेब. घर घेताना मला विचारलं नाही, कशाकशावर सह्या केल्या ते सांगितलं नाही. नोकरी गेल्यावर तोंडच शिवलं. काय करायचं विचारलं की म्हणायचा, बघतो. त्या एका शब्दावर मी दिवस काढले. पोरीच्या फॉर्मच्या रांगेत मी, बँकेत मी, सोसायटीवाल्यांसमोर हात जोडायला मी. हा गॅलरीत पाठ करून उभा. तो गेला तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही. एकटी तर मी आधीपासूनच होते."

तिचा आवाज कुठेही चढला नव्हता. परागला हा आवाज ओळखीचा वाटेना. दीड वर्षात ती त्याच्याशी सलग इतकं बोलली नव्हती. की तो ऐकायला थांबला नव्हता? आता मात्र तो खुर्चीवर बसला.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. तलाठी जरा नरमाईने म्हणाले, "हे लिहावं लागतं म्हणून विचारतो, ताई. उद्या परत आले, तर घरात घ्याल?"

आनंदीकाकू खाकरल्या.

"नाही," निशिगंधा म्हणाली. दूधवाल्याला 'उद्या नको' सांगावं तितक्या सहज.

तलाठ्यांनी लिहिलं. काकूंनी सही केली. दाखला गुरुवारी मिळेल, मुलीला शिकवा, असं म्हणून ते जिना उतरून गेले. काकू घरी परतल्या. डोळे पुसत, परागकडे न बघता, तशाच स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून भांडी घासत बसल्या. घासायला दोनच कप होते.

पराग बऱ्याच वेळाने पिशवी घेऊन पॅसेजमध्ये आला. समोरचं दार आता लावलेलं होतं. खिशात किल्ली होती, हाताला लागलीही. पण त्याने बेल वाजवली.

"कोण?" आतून निशिगंधाने विचारलं.

इतकी वर्षं या प्रश्नाला तो विचार न करता 'मी' म्हणायचा. आता ते तोंडातून निघेना. तिने पुन्हा विचारलं, थोडं जवळ येऊन. पराग पिशवी छातीशी धरून तसाच उभा राहिला.