सोयीचं अर्धं उत्तर

आपल्याकडे कोणत्याही कचेरीत जा, साहेबांच्या सत्काराची तारीख आधी ठरते आणि ज्या कामाबद्दल सत्कार व्हायचा ते काम मागाहून उरकलं जातं. तुम्ही आम्ही सगळ्यांनी हे पाहिलंय, आणि खोटं कशाला बोला, टाळ्याही वाजवल्यात. नगरला सावेडीत अशीच एक संस्था होती. अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला ज्या डोंगरवाड्या आहेत, तिथं ती लहान मुलांसाठी आहारकेंद्रं चालवायची. दुपारी खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, अधूनमधून उकडलेलं अंडं. काम चांगलं होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

पैसे पुण्याचा एक ट्रस्ट द्यायचा. त्यांचा नियम साधा होता. पावसाळ्याच्या तोंडाशी मुलांची वजनं घ्यायची आणि जानेवारीत पुन्हा घ्यायची. वयाच्या मानानं कमी वजनाची मुलं निम्म्यानं घटली, तर त्या वाड्यांचं काम फत्ते झालं असं समजायचं, तिथली केंद्रं बंद करायची आणि पैसा पुढच्या तालुक्यात न्यायचा. म्हणजे आकडा चांगला आला तर खिचडी बंद. ही गोष्ट मनात धरून ठेवा, कारण संस्थेतले लोक ती सोयीस्करपणे विसरले होते.

संचालक सूर्यभानराव मात्र चांगल्या आकड्याकडे डोळे लावून बसले होते. 'अकोल्याचं काम फत्ते' म्हणून त्यांचा सत्कार व्हायचा होता. शाल कुठली, फेटा कुणी बांधायचा, फोटो कोण काढणार, यावर कचेरीत रोज तासतासभर खल चालायचा. मुलांच्या वजनाचा विषय निघाला की, "ते गोरक्ष बघतोय," एवढं बोलणं होऊन चहा यायचा.

गोरक्षनाथ म्हणजे संस्थेतला आकडेमोडीचा माणूस. राहुरीकडच्या शेतकरी घरातला, संख्याशास्त्रात एम. एस्सी. झालेला, तिशीच्या आतला. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट. संस्थेत एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर पुण्याहून आणलेला संख्याशास्त्राचा एक प्रोग्रॅम. त्यात माऊसनं टिचक्या मारून काही होत नसे, एकेक आज्ञा टाईप करून द्यावी लागे. नगरमध्ये तो येणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे अडलं की गोरक्षनाथ अडूनच बसायचा.

आणि जानेवारीची वजनं भरल्यावर तो अडलाच. सरासरी काढायला सांगितली की प्रोग्रॅम थांबायचा. पावसाळ्याआधी दोनशेच्या वर मुलांची वजनं झाली होती. जानेवारीत त्यातली चाळीसेक मुलं आलीच नव्हती, त्यांचे रकाने रिकामे. रिकामा रकाना दिसला की प्रोग्रॅम पुढं जायला तयार नव्हता.

"ताई, काय करू? साहेब सकाळपासून तिसऱ्यांदा विचारून गेले," तो यशोधराताईंना म्हणाला.

यशोधराताई संस्थेचं ग्रंथालय आणि पत्रव्यवहार सांभाळायच्या. वडील श्रीरामपूरला रेल्वेत होते. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली रोज रात्री सगळ्या भावंडांनी अभ्यासाला बसायचं, असल्या शिस्तीत वाढलेल्या बाई. संस्थेचा ई-मेलही त्याच बघायच्या. मोडेम जोडायचा, तो खरखर करत पुण्याला लागायचा, आलेली पत्रं उतरवून घ्यायची आणि बिल वाढायच्या आत लाईन तोडायची.

"तुमचा हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचा जगभराचा एक गट आहे," ताई म्हणाल्या. "त्यांच्या एका ई-मेल पत्त्यावर प्रश्न पाठवला की तो सगळ्यांना जातो. ज्याला येतं तो उत्तर देतो, पैसे लागत नाहीत. एवढंच की काम झालं की काय झालं ते परत सगळ्यांना कळवायचं, म्हणजे पुढच्या अडलेल्याला उपयोग होतो."

"माझं इंग्रजी वाचून हसतील हो ते."

"हसू देत. इथं साहेब रडवतायत ते चालतं का तुम्हाला?"

गोरक्षनाथनं चार ओळींचा प्रश्न पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, नॉर्वेमधून. इंग्रिड नावाची एक बाई तिथल्या इस्पितळात असल्याच आकड्यांचं काम करायची. ना ओळख ना पाळख. तिनं एक छोटी आज्ञा लिहून दिली होती. ती जोडली की प्रोग्रॅम रिकामे रकाने सोडून देतो आणि उरलेल्यांचा हिशोब करतो. त्याखाली तिनं विचारलं होतं, "पण जानेवारीत ही मुलं आली का नाहीत? ते आधी बघा, मगच ही आज्ञा वापरा."

आता बघा माणसाची जात. गोरक्षनाथनं वरचं उचललं आणि खालचं सोडलं. आज्ञा दिली, प्रोग्रॅम सुरळीत चालला, आणि कमी वजनाची मुलं निम्म्याहून जास्त घटल्याचा सुंदर आकडा पडद्यावर आला. सूर्यभानरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शिपायाला पाठवून पेढे मागवले. गोरक्षनाथनंही दोन खाल्ले. गटाला साधे आभारसुद्धा त्यानं कळवले नाहीत. काम झालं होतं, आता कोण नॉर्वे आणि कोण इंग्रिड!

आठवड्यानं तिचं पुन्हा पत्र आलं, साऱ्या गटाला. "भारतातल्या मित्राला मी ती आज्ञा दिली, पण त्यानं पुढं काही कळवलं नाही. मला त्या मुलांची काळजी वाटते. आमच्या इस्पितळात एकदा जे रुग्ण तपासणीला आले नाहीत ते आम्ही असेच वगळले होते. औषध फार गुणकारी दिसलं. न आलेले बरेचसे वारले होते."

ताईंनी ते कागदावर छापून त्याच्या टेबलावर ठेवलं. गोरक्षनाथनं वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यांना काय करायचंय नसत्या चौकशा? आज्ञा मागितली, दिली, संपलं."

"तुम्ही तिच्याकडे काय मागितलं होतं, गोरक्षनाथ?"

"मदत."

"मग तिनं ती पूर्ण केली. तुम्ही अर्धीच घेतलीत. गोळ्या घेतल्या आणि पथ्य टाकून दिलं." ताईंचा आवाज चढला नव्हता, पण त्या हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "सोयीचं तेवढं उचलायचं, ही सवय आपल्याला फार लागलीय. निदान एवढं करा. जी मुलं आली नाहीत त्यांचं पावसाळ्याआधीचं वजन काढून बघा. तुम्हाला ते येतं."

त्याला ते येत होतं. पाच मिनिटांचं काम. न आलेल्या चाळीसेक मुलांमध्ये धड वजनाची मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी सगळी काटकुळी. जी मुलं दोन्ही वेळा आली होती त्यांचाच त्यानं पुन्हा हिशोब केला, तर फरक जवळजवळ नव्हताच. पहिल्या हिशोबात पावसाळ्याआधीची सगळी मुलं आणि जानेवारीत आलेली तेवढीच, असे दोन वेगळे गट धरले गेले होते. कमी वजनाची मुलं घटली नव्हती. ती मोजायचीच राहिली होती. ज्या आकड्याचे पेढे खाल्ले तो असा होता!

पहाटेच्या एस.टी.नं तो राजूरला गेला आणि तिथून जीपनं वर वाडीत. केंद्र झुंबरबाई चालवायच्या. चुलीवर खिचडीचं पातेलं होतं आणि पुढं मुलं ताटल्या घेऊन बसली होती.

"जानेवारीत वजनाला न आलेली मुलं कुठं होती, बाई?"

"कुठं आसनार? आई-बापासंगं नारायनगावाकडं, मजुरीला. भात निघालं की आर्धी वाडी खाली उतरती. ज्येंच्या घरात खायाला न्हाई त्येच जात्यात ना. ज्येंच्या कनगीत भात हाय त्ये बसत्यात घरी."

"म्हणजे सगळ्यात अशक्त मुलं तेवढी…"

"व्हय. आन दोन गेली." बाईंनी पातेल्यात पळी फिरवली. "छबूबाईची धाकली आन खालच्या घरातला एक. डिसेंबरात. थंडी लई हुती. मी इचारलं हुतं, ह्येंचं काय लिवू? तर नगरचे साहेब म्हनले, जी हजर हायेत त्येंचंच लिवा, बाकी मोकळं सोडा. मी सोडलं मोकळं."

गोरक्षनाथपुढं खिचडीचं ताट आलं. त्यानं ते शेजारच्या मुलापुढं सरकवलं. दोन मेलेली लेकरं त्याच्या हिशोबात सुधारणा म्हणून धरली गेली होती. ती होती तेव्हा वाड्यांचा आकडा खराब होता आणि ती गेल्यावर आकडा चांगला झाला. त्याला स्वतःची किळस आली, आणि ती यायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो सूर्यभानरावांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. साहेब फेट्याचे रंग बघत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, आपण कुणाला वगळलं? कॉम्प्युटरनं वगळलं. त्याला आपण काय करणार?"

"कॉम्प्युटरला मी सांगितलं, साहेब."

"तुला त्या परदेशी बाईनं सांगितलं. लेखी आहे ना आपल्याकडे? मग झालं तर. तू कशाला मनाला लावून घेतोस? आणि केंद्रं बंद झाली तर दुसऱ्या तालुक्यातल्या पोरांनाच मिळणार की रे खिचडी."

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. शिव्या देणारा माणूस परवडला, लाच खाणारा एक वेळ परवडला, निदान आपण खातोय हे त्याला ठाऊक असतं. पण गोड आवाजात, मानेखाली उशी सरकवावी तसं पाप दुसऱ्याच्या माथ्याखाली सरकवणारा हा माणूस बघितला की शिसारी येते. यंत्रानं केलं, वरून आलं, लेखी आहे, नियमात बसतं. आपला अर्धा कारभार या चार शब्दांवर चाललाय.

गोरक्षनाथला शिसारी आली आणि धक्काही बसला, कारण दोन-तीन दिवसांपूर्वी तो स्वतः जवळजवळ हेच बोलला होता. आज्ञा मागितली, दिली, संपलं. साहेबात आणि त्याच्यात फरक फक्त फेट्याचा होता.

तो ताईंकडे गेला. "नोकरी जाईल, ताई. गावी आई-बाप माझ्या पगारावर आहेत."

"जाईलही," ताई म्हणाल्या. "मी खोटा धीर देणार नाही. पण तिकडं केंद्र बंद झालं तर काय जाईल, ते तुम्ही डोळ्यांनी बघून आलात. आता दोन्ही गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत. ठाऊक नसल्याचं सोंग तेवढं करू नका."

अहवाल ऐकायला ट्रस्टच्या अधिकारी बाई पुण्याहून आल्या. संस्थेच्या हॉलमध्ये भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवण्याचं काम गोरक्षनाथचं. सूर्यभानराव बोलत होते, "आणि आता आपण जो आकडा बघणार आहोत, तो बघून तुम्हाला…"

गोरक्षनाथनं दुसराच कागद ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'जानेवारीत वजनाला न आलेली मुलं'. खाली त्यांची पावसाळ्याआधीची वजनं.

साहेब हसत म्हणाले, "कागद चुकला वाटतं."

"चुकला नाही, साहेब. आधीचा चुकला होता, तो मी केला होता." तो पुण्याच्या बाईंकडे वळला. "मॅडम, यातली बहुतेक मुलं मजुरीला गेलेल्या घरांतली आहेत. दोन वारली. जानेवारीच्या हिशोबातून तेवढं यांना सोडलं की आमचं काम फत्ते दिसतं. यांना धरलं की काहीच झालेलं दिसत नाही. ही केंद्रं कृपा करून बंद करू नका."

अधिकारी बाईंनी खूप प्रश्न विचारले. सूर्यभानरावांनी मध्येच कॉम्प्युटरचं नाव घेतलं, तेव्हा बाईंनी पुढचा प्रश्न गोरक्षनाथलाच विचारला. वाड्यांवरची केंद्रं चालू राहिली. दुसरं वजन माणसं मजुरीला उतरायच्या आधी घ्यायचं ठरलं, आणि जी कुटुंबं नारायणगावाकडं जातात त्यांच्या मुक्कामावरही खिचडी पोचवायची. सत्कार मात्र झाला, दुसऱ्या कशाबद्दल तरी. आपल्याकडे फेटा वाया जात नाही. गोरक्षनाथची बदली संस्थेच्या जामखेडच्या गोदामात झाली. वर्षभर त्यानं तिथं पोती मोजली. तीही नीट मोजली.

जाण्याआधी त्यानं त्या गटाला पत्र लिहिलं. आज्ञा चालली, पण प्रश्न मी टाळला होता, मुलं अशी अशी होती, दोन गेली. काही लपवलं नाही, नावही स्वतःचं घातलं. इंग्रिडचं उत्तर आलं, "कळवलंस, बरं केलंस." ब्राझीलमधल्या एकानं लिहिलं की त्याच्याकडच्या मुलांच्या नोंदीतही रिकामे रकाने आहेत आणि तो आजच जाऊन चौकशी करणार आहे. कुठल्या ब्राझीलमधली ती मुलं, आणि त्यांची चौकशी राजूरच्या वाडीमुळे झाली!

नागरिकहो, मदत मागण्यात लाज नाही. अनोळखी माणसंही हात पुढं करतात, जग अजून एवढं सडलेलं नाही. लाज आहे ती त्यांच्या उत्तरातलं सोयीचं तेवढं घेऊन मोकळं होण्यात. कुणी तुम्हाला वाट दाखवताना एक प्रश्न विचारला, तर तो प्रश्नही घेऊन घरी जा. तुमच्या कामात, तुमच्या कचेरीत, तुमच्या हिशोबात जो रकाना रिकामा दिसतो, तिथं कुणीच नाही असं समजून पुढं जाऊ नका. तिथं कुणीतरी होतं. ते कुठं गेलं, हे विचारायला आपल्याशिवाय दुसरं कुणी येणार नाही.