अतियाचे सात पॅच

अतियाने भरलेल्या बॅगेतून चार्जर पुन्हा बाहेर काढला आणि लॅपटॉपला लावला. कोडमधून प्रोग्राम तयार करणारा बिल्ड परत कोसळला होता. पुण्याच्या ऑफिसातल्या, तिच्या हाताखालच्या मृणालचा सकाळपासूनचा हा चौथा फोन.

"मॅडम, मी फक्त एक ओळ बदलली हो. चूक समोर दिसत होती."

"ती चूक मी कधीच दुरुस्त केलीय."

"कुठे? मला तर जुनंच दिसतंय."

दिसणार कसं? मच्छीमार बोटींवरच्या धोक्याच्या इशाऱ्याचा हा प्रोग्राम. मूळ कोड बाहेरून यायचा, आणि त्यातल्या चुका कंपनी आपले पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, लावून सुधारायची. शहाणा माणूस ते कोड उघडल्याबरोबर लावतो, म्हणजे जे वाचावं तेच पुढे तयार होतं. अतियाचे सात पॅच मात्र बिल्ड निम्म्यावर आला की गुपचूप लागायचे. मूळ कोडला कुणी हात लावला की पॅच बसायचा नाही, सगळं ठप्प व्हायचं, आणि फोन यायचा बोर्ली पंचतनला, अतियाच्या घरी.

चुकून झालं असतं तर गोष्ट वेगळी. तीन वर्षांपूर्वी कंपनीने माणसं कमी केली, तेव्हा घरून काम करणारी अतिया घाबरली होती. जिच्यावाचून अडतं तिला कोण काढणार? अक्कल तर भारी चालवली बाईने! नोकरी टिकली. पण तेव्हापासून कुणाच्या लग्नाला गेली तरी लॅपटॉप मांडीवर. मस्कतचं तिकीट दोनदा रद्द केलं. आता तिथे धाकट्या बहिणीचे, आतिफाचे दिवस भरत आले होते, पहिलं बाळंतपण, आणि आई तर केव्हाच गेलेली. साहेब मात्र म्हणत होते, "रजा कशी देऊ? बिल्ड कोण करणार?" कडी तिनेच घातली होती, आणि आत तीच अडकली होती.

"पण मॅडम, पॅच मध्येच का लावता?" मृणालने विचारलं. "हे म्हणजे वरातीमागून घोडं झालं."

अतियाने फोन ठेवला. अंगणात तिची खाला, आईची बहीण, वाळत घातलेल्या सुपाऱ्या पायाने सारख्या करत होती. मोबाइलवर आतिफाचा कालचा आवाजी निरोप तसाच पडून होता. तिने तो पुन्हा लावला.

"आपा, या वेळी तरी येशील ना?"

दुपारभर बसून तिने सातही पॅच पुढे आणले. आता कोड उघडला की आधी ते लागणार, मग बाकी सगळं.

"मृणाल, आता तूच कर," तिने फोन करून सांगितलं. "अडलं तर वाच. सगळं समोर आहे. मला विचारू नकोस."

मग ती फोन हातात धरून बसली. अर्धा तास गेला, तासही गेला. रेंज आहे ना, म्हणून तिने दोनदा पाहिलं. खालाने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

साडेचारला मृणालचा निरोप आला, "झालं, मॅडम! पहिल्या फटक्यात!"

त्यामागोमाग साहेबांचा आला, "छान काम. आता मृणाल सांभाळेल. रजा मंजूर. निघण्यापूर्वी लॅपटॉप कुरियरने पाठवा. पुढचं कळवू."

तिने तो दोनदा वाचला. मग आतिफाला फोन लावला.

"मिळाली गं रजा."

"या अल्ला! खरंच? किती दिवसांची?"

अतियाने चार्जरची वायर गुंडाळली आणि या वेळी बॅगेत न टाकता लॅपटॉपसोबत कुरियरच्या खोक्यात ठेवली.

"तुला हवी तेवढी," ती म्हणाली.