माथा घासलेली ऐरण

मित्रांनो, मी एक जुनी ऐरण आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे तुम्ही म्हणता. मी चाळीस वर्षे घणाचे घाव सोसले, पण मला कोणी देव केले नाही. दसऱ्याला तेवढे एक झेंडूचे फूल मिळे.

काटोलला गणपतराव लोहारांच्या भट्टीपाशी माझी जागा होती. ते सांडशीत लाल लोखंड धरत आणि त्यांच्या पत्नी जिजाबाई घण घालत. आमचे विळे घेतलेला शेतकरी दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे. पुढे जिजाबाई वारल्या आणि भट्टी विझली. मी कोपऱ्यात गंजत पडले. फार एकटे वाटे.

मग उन्मेष आला. तो शहरात, सीताबर्डीच्या एका विमा कचेरीत नोकरी करतो. हौसेला मोल नाही म्हणतात. याला विळा घडवायची हौस होती. गणपतरावांनी मला त्याच्या स्वाधीन केले आणि म्हणाले, "अडलं त फोन करजो."

मनीषनगरात त्याच्या खोलीमागे, पत्र्याखाली मी आले. रविवार आला की तो भट्टी पेटवी. घण घालायला दुसरे कोणी नव्हते. एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडी. विळा कधी वाकडा होई, कधी तडके. मग तो माझ्याशेजारी बसून मोबाइलवर गणपतरावांचा नंबर काढी आणि फोन तसाच खिशात ठेवी.

एकदा गणपतरावांनीच कळवले, की रविवारी पाहायला येतो. उन्मेष हरखला. मी देखणी दिसावी म्हणून त्याने ग्राइंडर घेतला आणि माझ्या माथ्यावरचे सारे खड्डे घासून काढले. ऐरणीचा कडकपणा वरच्या थरातच असतो, हे लोहाराच्या घरचे पोरही जाणते. पण मी सांगणार कशी?

गणपतरावांनी माझ्यावर हातोडी सोडून पाहिली. पूर्वी ती टणकन उसळे. आता तिथेच पडली. ते मला परत नेतील आणि आपले शिकणे संपेल, या भीतीने उन्मेषचा चेहरा उतरला.

"काहून घासली गा?"

"खड्डे होते, काका. तुम्हाले चांगली दिसावी म्हणून."

"ते जिजाच्या हातचे होते." गणपतरावांनी माझ्यावरून तळवा फिरवला. "मले विचारलं काहून नाही?"

"रोज रोज तुम्हाले काय त्रास द्याचा?"

गणपतराव माझ्याशेजारी बसले. मग हळूच म्हणाले, "मी त रोज तुह्या फोनची वाट पाहून राहिलो होतो."

त्यांनी मला परत नेले नाही. माझा माथा मात्र आता पूर्वीसारखा होणार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण हात लावण्याआधी, ज्याने त्या वापरल्या त्या माणसाला विचारा. त्याला त्रास होईल म्हणून गप्प बसू नका. तो घरी एकटाच असतो.