देगलूरची आई

देगलूरला माझं कुणी नाही. एकदाच गेले होते, दिराच्या सोयरिकीची बोलणी करायला, आणि तीही फिसकटली. तरी २०१२ सालच्या जूनमध्ये मी इंटरनेटवर देगलूरची आई झाले. आता सांगताना तोंड लपवावंसं वाटतं, पण सांगते.

आम्ही लातूरचे. आमच्या गल्लीत तेव्हा दर दुसऱ्या घरात क्लासची पोरं भाड्यानं राहायची आणि दर तिसऱ्या घरातून डबे जायचे. दहावीचा निकाल लागला की नांदेड, चाकूर, देगलूर, कुठकुठून आईबाप पोरांना घेऊन उतरायचे. क्लास कुठला ते आधीच ठरलेलं असायचं. पोरगं जेवणार कुठं, हा घोर असायचा, आणि तो पालकांच्या चर्चेच्या एका साइटवर मांडला जायचा. माझी मुलगी सुकन्या पुण्याला शिकायला जाताना कॉम्प्युटर घरी ठेवून गेली होती. जाताना मला मराठी टाइप करायला शिकवून, ‘आई, तिथं तुझ्या डब्याबद्दल लिहीत जा,’ म्हणाली होती.

मी लिहिलं: शिवगंगा डबा, शुद्ध शाकाहारी, येसराची आमटी, गरम भाकरी. कुणी ढुंकून पाहिलं नाही. कारण वरच कुणीतरी लिहिलेलं होतं, ‘सरजामावशींचा डबा लावा, पोरगं घरची आठवण काढणार नाही.’ त्याखाली अकरा जणांचा होकार. माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

सरजामावशी आमच्या शेजारी, भिंतीला भिंत. किल्लारीच्या भूकंपात तिचा नवरा आणि दोन लेकरं गेली, मग ती लातूरला आली. माझ्या नवऱ्याचं दुकान बसलं तेव्हा तिनंच मला हा धंदा शिकवला. चाळीस पोरांना भाजी किती, मीठ किती, आणि कितीही पोरं वाढली तरी आमटीत पाणी वाढवायचं नाही. माझे पहिले चार डबेही तिनंच दिलेले. ‘माझ्याच्यानं हुईना बग,’ म्हणाली. तिच्याच्यानं होत होतं, हे मला कळत होतं. माणूस उपकार विसरतो म्हणतात. मी विसरले नव्हते, मला त्या उपकारांचाच राग यायला लागला होता.

तर ‘देगलूरची आई’ या नावानं मी दुसरं खातं उघडलं. आधी माझ्याच डब्याचं कौतुक केलं. ते इतकं सहज जमलं की भीड चेपली. आठ दिवसांनी लिहिलं: ‘सरजाबाईंकडे माझा मुलगा महिनाभर जेवला. घरात ओटा असून त्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाक करतात. धूळ, माश्या. मुलाचं पोट बिघडलं. पालकांनी स्वतः बघून ठरवावं.’ हे शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं.

शेडची गोष्ट खरी होती, म्हणून ती लागू पडली. भूकंपाला एकोणीस वर्षं होत आली तरी स्लॅबखाली उभं राहिलं की मावशीचे हात थरथरायचे. ती पत्र्याखालीच रांधायची, पत्र्याखालीच निजायची. शेड मात्र इतकी स्वच्छ की माझ्या ओट्यानं लाजावं. यातलं सगळं मला ठाऊक होतं. पालक बघायला आले, त्यांना पत्रे दिसले, ते गल्लीतूनच माघारी फिरले. जुलैत मावशीच्या चाळीस डब्यांचे सतरा झाले आणि माझे पंचविसाचे अडतीस.

एका दुपारी मावशी आली.

“शिवगंगा, त्या कंप्युटरात माझ्याबद्दल कायतरी लिवलंय म्हनं. तुला येतंय ना त्येच्यात लिवायला?”

“लोक कायबी लिवतेत मावशी. कशाला मनावर घेताव?”

“न्हाई, उत्तर द्यावं लागतंय. गप बसलं की खरं वाटतंय लोकायला.”

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. एरवी आमच्या उंबऱ्याच्या आत न येणारी मावशी त्या दिवशी भिंत धरत धरत आत आली आणि माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. मी बसले. ती सांगत गेली.

“लिव. मी सरजाबाई. पत्र्याखाली रांधते ह्ये खरं हाय. भूकंपात घरात निजलेली माझी तिघं दगडामातीखाली गेली. मी अंगनात व्हते म्हनून ऱ्हायले. तवापासून छताखाली माझा हात चालत न्हाई. पोरायला कच्चं-करपलं घालन्यापरीस पत्र्याखालचं बरं. या अन् बगा. त्या देगलूरच्या बाईच्या लेकराचं पोट दुकलं आसंल तर मला माफी आसावी. त्येला घिऊन या. आठ दिस मऊ भात करून घालते, पैसे नगं.”

माफीपाशी माझी बोटं अडली. तरी मी टाइप केलं, शुद्ध भाषेत करून. “पाठीव,” ती म्हणाली. मी पाठवलं.

लाजेनं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या साइटवर मी शेवटची बसले होते ती देगलूरची आई म्हणून, आणि तेच खातं अजून उघडं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मजकूर पडद्यावर उमटला आणि त्याच्या डोक्यावर तेच नाव.

मावशी चौथी शिकलेली. पडद्यावर बोट ठेवून वाचायला लागली, “दे-ग-लूर-ची आ-ई.” मग खाली, “मी स-र-जा-बाई.” पुन्हा वर गेली. बोट थरथरत होतं, पण ते आत आल्यापासूनच थरथरत होतं.

“ही बाई तू व्हय?”

मी मान हलवली. तिनं माझ्या झिंज्या धरल्या असत्या, गल्ली गोळा केली असती, तर मी सुटले असते.

“मंजी लेकराचं पोट दुकलं न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई मावशी.”

“बरं झालं,” म्हणाली आणि भिंत धरत बाहेर गेली.

त्याच संध्याकाळी मी माझ्या खऱ्या नावानं सगळं लिहून टाकलं. काही लपवलं नाही. वाटलं, आता लोक तोंडात शेण घालतील, डबे बंद होतील, आणि तेच व्हायला पाहिजे होतं. पण लोकांनी लिहिलं, ‘ताई, चूक कबूल करायला धाडस लागतं.’ कुणी लिहिलं, ‘अशा सच्च्या बाईकडेच मुलाला जेवायला ठेवणार.’ मावशीच्या तिघांबद्दल हळहळलेही पुष्कळ, पण डबा कुणी लावला नाही. माझ्याकडं मात्र आठवड्यात सहा जण आले.

पहिले आले ते रेणापूरचे एक मास्तर. मी त्यांना तशीच मावशीच्या शेडकडं घेऊन गेले. मावशी भाकरी थापत होती.

“मावशी, यांच्या पोराचा डबा तुमच्याकडं लावायचाय.”

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मास्तरांना पाट दिला, पाणी दिलं आणि त्यांनाच म्हणाली, “दादा, तुमी जिच्यावर इस्वास ठिवून आलाव, तिच्याकडंच लावा. सैपाक चांगला करती ती. त्येच्यात खोट न्हाई.”

मास्तरांचं समाधान झालं. ते उठून माझ्या मागोमाग घरी आले, आणि मी त्यांच्या पोराचं नाव लिहून घेतलं.