धाडच्या थांब्यावरची ईद

बुलढाण्याहून भोकरदनला जाणारी एसटी धाडला दहा मिनिटं थांबते. कंडक्टर कलीमभाईंचं घर धाडलाच, थांब्यापासून गल्ल्यांतून बरंच आत. ईदच्या दिवशी त्या दहा मिनिटांत घरी पळत जाऊन शिरखुर्मा खायचा आणि परत यायचं, असा त्यांचा बेत होता.

खरं तर त्या दिवशी ते घरीच असणार होते. चंद्र एक दिवस आधी दिसेल या अंदाजानं त्यांनी आदल्या दिवसाची ड्युटी दुसऱ्या कंडक्टरशी, मोतीरामशी, बदलून घेतली होती. चंद्र दिसलाच नाही. सुटीचा दिवस तिसाव्या रोज्यात गेला आणि ईद नेमकी ड्युटीवर आली. मोतीरामच्या घरी आज मुलीची सोयरीक. त्याला पुन्हा कसं सांगणार?

"मलिहानं पहिल्यांदाच बनवला," गाडी सुटण्याआधी कलीमभाई ड्रायव्हर अश्विनीताईंना सांगत होते. "म्हन्ते, अब्बानं चाखल्याशिवाय कोनाले चमचा लावू देनार नाही. सारं घर भुकं बसून राह्यलं."

"दिवाळीले मी गाडीवर होते, तं माह्या पोरानं फराळाचा डबाच लपवला होता," अश्विनीताई म्हणाल्या. "पन भाई, आज गर्दी पाहा. फाट्या-फाट्यावर उशीर होईन. तुमची दहा मिनिटं गेली समजा."

मी पुढच्याच बाकावर, ग्रंथालयातून बदलून आणलेली पुस्तकं मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्याआधी बोलल्या त्या शेजारच्या मनकर्णाबाई.

"काऊन जातीन दहा मिनिटं? आयका हो सगळे! सुट्टे पैसे हातात काढा. कलीमले ईदसाठी घरी जाच आहे!"

मग एसटीत सहसा घडत नाही ते घडलं. फाट्यावर मागच्या बाकावरचे पुंजाजी दारात उभे राहून लोकांची पोती वर ओढू लागले. सासऱ्याचा निरोप घेता घेता रेंगाळलेल्या एका जावयाला त्यांनी दंडाला धरून आत घेतलं. "राह्यलेलं फोनवर बोल बे!"

कलीमभाई गर्दीत तिकिटं फाडत मागे अडकले, तेव्हा मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, पुस्तकं ठेवा. घंटी तुमच्याकडं."

उभ्या आयुष्यात मी घंटीची दोरी ओढली नव्हती. निघायचे दोन टोले दिले आणि ताईंना एकच, थांबायचा, ऐकू गेला असेल, अशी धास्ती घेतली. गाडी निघाली. पुढच्या फाट्याची मी चक्क वाट पाहू लागलो.

धाडला आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. "पळा भाई!" सारी गाडी ओरडली. कलीमभाई खांद्यावरची बॅग सावरत गल्लीत दिसेनासे झाले.

परतले ते एकटे नव्हते. त्यांच्या मिशीला दूध लागलं होतं. पुढे झाकलेलं पातेलं घेऊन मलिहा, मागे वाट्या घेऊन तिची आई बिलकिस.

"अब्बा म्हन्ते लई मस्त झाला," मलिहा म्हणाली. "पन अब्बा मले रडू नाही येऊ देत, काहीही सांगते. तुमी खरं सांगा."

पहिली वाटी तिनं ड्रायव्हरच्या खिडकीतून वर दिली. ताईंनी चाखला, डोळे मिटले आणि रिकामी वाटी पुन्हा भरायला खाली धरली. मलिहा बापाकडे बघून हसली. कलीमभाईंनी उगाच तिकीट मशीन पुसलं.

"चला, टाईम झाला," ते म्हणाले. "गुरुजी, द्या घंटी."

मी दोरीला हात घातला.

"खबरदार गुरुजी!" मनकर्णाबाई गरजल्या. "मले वाटी भेटू द्या आधी!"