डाव्या बाजूची खिडकी

आमच्या जेवणाच्या टेबलावर चार वर्षं एक युद्धनौका ठाण मांडून होती, आणि आम्ही दोघं ताट मांडीवर घेऊन जेवत होतो. खऱ्या नौकेच्या दोनशेपट लहान, म्हणजे पाऊण मीटर लांब. तिचे कठडे जुन्या स्पीकरच्या तांब्याच्या तारेचे होते. माझी गळ्यातली बारीक साखळी तुटली होती, ती मी महिनाभर घरभर शोधत होते. शेवटी सापडली ती नांगराला लावलेली.

आमच्या यांनी चाळीस वर्षं बांधकाम खात्यात घरांचे नकाशे तपासले. नकाशात नसलेली खिडकी दिसली की नोटीस गेलीच. माझ्या सख्ख्या भावाची बाल्कनी वीतभर जास्त निघाली, तर ती यांनी पाडायला लावली आणि त्याच रविवारी त्याच्याकडे दोन्ही वेळा जेवूनही आले. खोटं माप यांच्या हातून कधी कागदावर उतरलं नाही. नातेवाईक आमच्याकडे फारसे का येत नाहीत, ते यांना अजून कळलेलं नाही.

दरवर्षी हौशी मंडळींच्या जहाजांचं प्रदर्शन भरतं. आधी तीन वेळा यांनी लहान नौका नेल्या आणि तीनही वेळा दुसरा नंबर घेऊन आले. पहिला दातांच्या डॉक्टरांचा. परीक्षक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. ते डोळ्याला भिंग लावून येतात आणि त्यांचा नियम एकच: नौकेवरच्या प्रत्येक गोष्टीला नकाशाचा किंवा फोटोचा पुरावा हवा. नसेल तर एका गोष्टीचे दोन गुण गेले. हा नियम ऐकून यांना त्यांच्याबद्दल सख्ख्या भावापेक्षा जास्त प्रेम वाटलं होतं. यंदा पहिला नंबर आपलाच, असं हे नौकेला रोज सांगायचे. मला सांगायचं मात्र राहून जायचं.

प्रदर्शनाला वीस दिवस उरले होते. खालच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन आमचं बटण दुरुस्त करायला आला आणि नौकेचं नाव वाचून थबकला. "आमचे बाबा याच बोटीवर आचारी होते म्हणे," तो म्हणाला. "निदान सांगतात तरी तसं. ते काय, काहीही सांगतात."

संध्याकाळी आचारीकाका आले. पंचाहत्तरीचे, लेकाकडे नुकतेच राहायला आलेले. हात मागे बांधून त्यांनी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. तोफांकडे ढुंकून पाहिलं नाही. डाव्या बाजूला वाकले आणि म्हणाले, "साहेब, माझी खिडकी कुठंय?"

"कुठली खिडकी?"

"स्वयंपाकघरातली. गोल. आधी नव्हती. भट्टीच्या धगीनं मी दोनदा चक्कर येऊन पडलो, तेव्हा कप्तानसाहेबांनी दुरुस्तीच्या वेळी गुपचूप पाडून घेतली. अकरा वर्षं तिच्यापाशी उभा राहून बटाटे सोललेत मी."

यांनी नकाशा उलगडला. खिडकी नव्हती. नौकेचा एकच स्पष्ट फोटो उपलब्ध, तो उजव्या बाजूचा. "नकाशात नाही म्हणजे नाही," हे म्हणाले. बाल्कनीच्या वेळी लावलेला तोच सूर.

काका रागावले नाहीत. "कागदावर नसेल," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

चार दिवसांनी इलेक्ट्रिशियन जिन्यात भेटला. बाबा गप्प झालेत म्हणाला. "माझंच चुकलं, वहिनी. मी हसत म्हटलं, बघा, तिथंही नाही तुमची खिडकी. तेव्हापासून बोटीचं नावच काढत नाहीत."

मी वर आले आणि यांना फैलावर घेतलं. एका म्हाताऱ्या माणसाची अकरा वर्षं तुम्ही बेकायदा बांधकाम ठरवलीत, म्हटलं. पुरावा लागतो, हे म्हणाले. मग मान खाली घालून तार सरळ करत बसले. ती तार आधीच सरळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे टेप घेऊन खाली गेले. काय होतंय ते बघायला मीही मागोमाग गेले. यांनी काकांना विचारलं, "खिडकी किती उंच होती?"

"तिच्या कडेवर हनुवटी टेकायची. वारा घ्यायला."

यांनी काकांना भिंतीला टेकवून उभं केलं आणि हनुवटीची उंची मोजली. मग विचारलं, बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या दारापासून किती लांब? काका म्हणाले, चार पावलं. यांनी त्यांना पॅसेजमधून चार पावलं चालायला लावलं, तेही तीन वेळा, आणि सरासरी काढली. इलेक्ट्रिशियन दारात उभा राहून डोकं खाजवत होता.

वर येऊन यांनी ते माप नकाशावर बसवलं आणि पट्टी लावून पुन्हा मोजलं. नौकेच्या बाजूला आतून लोखंडी फासळ्या असतात, त्यांना छेद देऊन खिडकी पाडता येत नाही. काकांची चार पावलं दोन फासळ्यांच्या बरोबर मधे पडत होती. वीतभर इकडेतिकडे झालं असतं तर खोटं ठरलं असतं. फासळ्या कुठे आहेत हे आचाऱ्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"होती खिडकी," हे म्हणाले.

"मग पाडा."

"दोन गुण जातील."

"मग नका पाडू."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दुष्ट आहे. मग बाहेर पडले आणि दातांच्या डॉक्टरांकडून सगळ्यात बारीक ड्रिल मागून आणलं. डॉक्टरांनी हसतमुखानं दिलं. प्रतिस्पर्धी स्वतःच्याच नौकेला भोक पाडतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? चार वर्षांच्या कामाला ड्रिल लावायचं, म्हणून नौका मी धरली. दीड मिलिमीटरची खिडकी. पुराव्याच्या फायलीत यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "आधार – आचाऱ्यांची हनुवटी, प्रत्यक्ष मोजलेली."

प्रदर्शनात परीक्षकांनी ती ओळ दोनदा वाचली, भिंग काढून पुसलं आणि दोन गुण कापले. बाकी सगळे पूर्ण. डॉक्टर एका गुणानं पहिले आले. माझा असा संताप झाला की परीक्षकांना पाण्याचा ग्लास देतानाही मी तो आदळला.

तेवढ्यात काका लेकाला घेऊन आले. यांनी त्यांच्या हातात भिंग दिलं. काका वाकले ते वाकलेलेच राहिले. मग त्यांनी भिंग लेकाकडे दिलं. तोही वाकला आणि जरा वेळानं हळूच म्हणाला, "बाबा, इथं उभे राहायचात तुम्ही?" मग काका बोलायला लागले ते थांबेचनात. भट्टी कुठे, पोती कुठे, वादळात पातेली कशी बांधून ठेवायची. लेक एकेक विचारत होता आणि मला उगाच रडू येत होतं.

जायच्या वेळी काकांचं लक्ष नौकेपुढच्या पाटीकडे गेलं. "दुसरा नंबर?" ते म्हणाले. "एवढी हुबेहूब केलीत, साहेब. गुण कशाचे गेले?"

आमच्या यांची नजर त्या खिडकीवर होती.

"तोफांचा रंग," हे म्हणाले. "जरा फिका पडला."

चाळीस वर्षांत या माणसाला मी पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकत होते. कान लालेलाल झाले होते, आता अडखळणार हे दिसतच होतं. मी पुढे झाले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, काका," मी म्हणाले. "फिका दिसतोय म्हणून. पण हे माझं ऐकतात कुठे?"