इश्यू, असल्यास

केनवडच्या भाजीपाला गटाचा फॉर्म इंग्रजीत होता, कारण तो पुण्याहून आला होता. दौलतराव इंगोले यांनी तो दोन दिवस पिशवीत ठेवला आणि तिसऱ्या दिवशी सुचिताच्या ऑनलाइन सेंटरवर नेला. सुचिता बी.ए. झालेली होती. गावातले सगळे फॉर्म तीच भरायची.

वय बासष्ट, जमीन दोन एकर, पीक मेथी, पालक, वांगी, पत्नीचं नाव गिरजाबाई, इथपर्यंत काही अडचण आली नाही. मग सुचिता एका रकान्यावर थांबली.

"काका, इश्यू इचारून राह्यले. असल्यास लिवा म्हणते."

"इश्यू म्हंजे?"

"म्हंजे प्रॉब्लेम. काय त्रास आहे तो."

दौलतरावांनी आयुष्यात पुष्कळ फॉर्म भरले होते. तुम्हाला काय त्रास आहे, असं एकाही फॉर्मनं विचारलं नव्हतं.

"असं लगेच सांगता येत नाई," ते म्हणाले. "घरी इचारून येतो."

घरी गिरजाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनीही प्रश्न मनावर घेतला.

"पयले रोही लिवा," त्या म्हणाल्या. नाल्याकडून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आठवड्यातून दोनदा यायचा आणि पालक खाऊन जायचा. "मंग लाईट." लाईट कधीही यायची, कधीही जायची. मोटर दोनदा जळली होती.

"अजून?"

"आन् धरमसिंग."

धरमसिंग राठोडांचं शेत लागूनच होतं. त्यांच्या बांधावरून जाणारी वाट त्यांनी दोन वर्षांपूर्वी काटे टाकून बंद केली होती. तेव्हापासून गिरजाबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन लांबच्या रस्त्यानं वळसा घालायच्या. दोन्ही घरांचं बोलणंही बंद होतं.

"त्याचं नाव लिवणं बरं दिसन का?"

"त्यायनं इचारलं ना? मंग सांगा."

दौलतरावांनी सुचिताला सगळं सविस्तर सांगितलं. रकान्यात पंचवीसच अक्षरं मावत होती, म्हणून तिनं फक्त नावं टाकली.

दीड महिन्यानं कार्डं आली. ती मराठीत होती. गटाचा अध्यक्ष प्रसेनजित यानं सगळ्यांना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बोलावलं आणि नावं बरोबर आहेत का हे कळावं म्हणून प्रत्येक कार्ड मोठ्यानं वाचलं.

"दौलतराव इंगोले. पत्नी गिरजाबाई. अपत्ये तीन. रोही, लाईट, धरमसिंग."

ओट्यावर तीसेक माणसं होती. दौलतरावांना मूलबाळ नाही हे बहुतेक सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कोणी हसलं नाही. प्रसेनजितनं कार्ड उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

रामीबाई गावात नव्या होत्या. त्यांनी विचारलं, "लाईट पोरगा आहे का पोरगी?"

"कार्ड चुकलं," दौलतराव म्हणाले आणि ते खिशात घालून घरी आले.

गिरजाबाई चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी कार्ड बोट ठेवून वाचलं. 'अपत्ये' या शब्दावर बोट थांबलं.

"म्हंजे त्यायनं हे इचारलं होतं."

"हो."

"आपल्याले कळलंच नाई."

"नाई."

त्या उठल्या आणि त्यांनी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरमसिंग अंगणात येऊन उभे राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. ते दौलतरावांपेक्षा चार वर्षांनी मोठे होते.

"मी तुहा पोरगा कवापासून झालो?"

दौलतरावांनी उत्तर जुळवायला घेतलं. पोरगा म्हणून लिहिलं असं सांगणं खोटं झालं असतं आणि खरं सांगणं त्याहून अवघड होतं. "ते छापणाऱ्यायनं..." ते म्हणू लागले.

"धरमसिंगभाऊ, त्यायनं इश्यू इचारला," गिरजाबाई मधेच म्हणाल्या. "आमाले वाटलं, त्रास काय आहे ते इचारून राह्यले. म्हणून तुमचं नाव देलं."

धरमसिंगांनी थोडा विचार केला. "आन् रोही?"

"तेबी त्रासच."

"रोही पयल्या नंबरवर?"

"हो."

"मी तिसऱ्या?"

"हो."

"लाईटच्याबी मांगं," धरमसिंग म्हणाले. त्यांना बरं वाटलं की वाईट, हे चेहऱ्यावरून कळेना. ते खाटेवर बसले. चहा दिला तो प्याले. मग म्हणाले, "एवढा त्रास होता तं सांगाचं होतं."

"दोन खेपा सांगतलं," दौलतराव म्हणाले.

"तुमी भांडले. सांगतलं नाई."

कप खाली ठेवून ते निघून गेले.

दुपारी नवराबायको कार्ड दुरुस्त करायला सुचिताकडे निघाले, तेव्हा बांधावरचे काटे थोडे बाजूला केलेले दिसले. एक माणूस पाटी घेऊन जाईल, एवढी जागा होती. मोटरसायकल गेली नसती.

सुचितानं शब्दकोश आधीच काढून ठेवला होता. तिनं वाचून दाखवलं. इश्यू म्हणजे मुद्दा. वाद. मासिकाचा अंक. रेशन कार्ड इश्यू करतात तसं देणं. बाहेर पडणं. आणि सगळ्यात शेवटी, संतती.

"माही चूक झाली, काकू. शेवटपर्यंत वाचाले पाह्यजे होतं."

"एकाच शब्दाचे इतके अर्थ?"

"हो."

"मंग तुही काय चूक? आता काय लिवतं?"

"नो इश्यू." सुचितानं कीबोर्डकडे पाहत सांगितलं. "म्हंजे मूलबाळ नाई."

"बरं."

"आन् कॉलेजातले पोट्टे तेच 'कायी हरकत नाई' असं म्हणालेबी वापरतात."

गिरजाबाईंना चाळीस वर्षं हळदीकुंकवाला, बाजारात, एसटीत बायका 'लेकरं किती?' असं विचारत आल्या होत्या. त्या 'नाई' म्हणायच्या. मग समोरची बाई हळहळायची, डॉक्टरचं नाव सांगायची, आणि गिरजाबाई ते ऐकून घ्यायच्या.

"हे दोन्ही एकाच शब्दात येते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आपल्यात असा शब्द पाह्यजे होता," त्या म्हणाल्या. "लिव."

सुचितानं लिहिलं. रकान्यात बरीच जागा उरली.

परतताना गिरजाबाई पुढे होत्या, दौलतराव मागे. काट्यांपाशी आल्यावर त्या थांबल्या. त्यांनी मागे न बघता विचारलं, "पोरगी झाली असती, तं नाव काय ठेवलं असतं?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न घरात कधी निघाला नव्हता. दौलतरावांना मात्र उत्तर शोधावं लागलं नाही.

"भागिरथा."

"लय जुनं नाव आहे."

"तवा जुनं नव्हतं," दौलतराव म्हणाले.